क्रमांक चारचा अभिप्राय

सुहासिनीने तो फोटो नाकाशी नेला.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही हो," ती म्हणाली आणि हसली. ओशाळून हसली असती तर मी तेव्हाच विसरून गेलो असतो. पण ती स्वतःशीच हसली, मी खोलीत नसल्यासारखी, आणि फोटो पुन्हा एकदा नाकाशी नेला. ब्रोमाईडच्या कागदाला वास तो कसला येणार? फोटो पक्का करायच्या हायपोच्या पाण्याचा, नाहीतर ज्या पत्र्याच्या पेटीतून आला त्या पेटीतल्या जुन्या बिस्किटांचा. फोटोत होतं तरी काय? एक वारूळ, त्यावर पाच-सहा अळंब्या, आजूबाजूला कुजका पाला. कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लहानपणी आम्ही लाथेने उडवायचो, त्यांच्यातल्याच. बायको माझी, घर माझं, श्रावणातल्या रविवारची दुपार, आणि ती दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो हुंगत बसलेली! लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझा एकही फोटो तिने कधी हुंगला नव्हता. हुंगावा अशी माझी अपेक्षाही नव्हती म्हणा. पण फोटो हुंगता येतो हे त्या दिवशी कळलं आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

आमच्या मंडळाची पद्धत आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी ठाण्याला जिल्हा कचेरीत कारकून. दिवसभर जुन्या दप्तरांचे गठ्ठे सोडायचे आणि बांधायचे. फोटो काढणं एवढं एक माझं स्वतःचं होतं. ठाणं, कल्याण, डोंबिवली मिळून आम्ही सहा हौशी माणसं जमलो होतो आणि कल्याणचे आनंदराव फणसे आमचे चिटणीस. त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी, की बिस्किटांची एक चपटी पेटी सहाजणांत फिरवायची. प्रत्येकाने आपला एक फोटो तीत ठेवायचा, फोटोच्या पाठीला एक कोरा कागद चिकटवायचा, आणि पेटी ज्याच्याकडे जाईल त्याने बाकीच्या पाचांच्या कागदांवर आपला अभिप्राय लिहायचा. काय जमलं, काय फसलं, पुढे काय करावं. खाली नाव घालायचं नाही, नुसता नंबर. कोणाचा नंबर कोणता हे एकट्या आनंदरावांना ठाऊक, आणि ती यादी त्यांनी दिवाळीत फोडायची. वीसेक दिवसांनी पेटी फिरून आली की आपला फोटो कागदासकट काढून घ्यायचा, पटेल तेवढं पटवून घ्यायचं, तोच विषय पुन्हा घ्यायचा आणि सुधारलेला फोटो पेटीत टाकायचा. दुसऱ्याच्या कागदावर आपण काय लिहिलं होतं ते पुन्हा आपल्या दृष्टीस पडत नसे. ते ज्याचं त्याच्याकडे जायचं. माझा नंबर चार.

नंबर गुप्त असले तरी अळंब्यांचा फोटो कोणाचा ते सांगायला ज्योतिषी नको होता. गुरुदत्त नाडकर्णी. मोहन्याच्या कारखान्यात केमिस्ट, वय सत्तावीस, अजून बिनलग्नाचा. आषाढात आमच्या घरी बैठक भरली होती तेव्हा उल्हास नदीच्या अंगाने त्याने कुठली कुठली वारुळं हेरून ठेवली आहेत याचं त्याने तासभर पुराण लावलं होतं. सुहासिनी चहा घेऊन बाहेर आली तर हा पठ्ठ्या उठून उभा राहिला. "वहिनी, द्या इकडे," म्हणाला, आणि ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. आमच्याकडे असं कोणी करत नाही. तिला ते काय वाटलं असेल ते वाटलं असेल, पण तो गेल्यावर ती म्हणाली, "भिजून आला होता हो बिचारा, एवढ्या लांबून." पावसात मीही भिजतो. येऊरच्या डोंगरात कॅमेरा पोटाशी धरून मी तीन-तीन तास भिजलेलो आहे, आणि घरी आल्यावर मला बिचारा कोणी म्हटलेलं नाही. दारात चिखल आणू नका, एवढं म्हटलंय.

मी मत्सरी माणूस आहे असं मला त्यापूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी चिडलो असतो. कचेरीत माझ्या मागून आलेले दोघे पुढे गेले, मी त्यांच्या पेढ्यांना हात लावला, चांगले आहेत म्हणालो. पण त्या दुपारी सुहासिनीच्या हातातल्या फोटोकडे बघताना मला एकदम पनवेलचं आमचं अंगण आठवलं. धाकट्या भावाला हिवताप आला होता आणि आई दिवसभर त्याच्या कपाळावर हात ठेवून बसलेली. मी सहा-सात वर्षांचा असेन. भर उन्हात अंगणात जाऊन उभा राहिलो, कपाळ चांगलं तापेपर्यंत राहिलो, आणि आत येऊन म्हटलं, बघ, मलाही आलाय. आईने हात लावला. लगेच उचलला. "जा, पाणी पी," म्हणाली. तो हात किती वेळ होता ते मला आजही सांगता येईल. पुरतं एक-दोन म्हणायलाही वेळ मिळाला नव्हता.

"टिटवाळ्याला आमच्या मागच्या रानात व्हायच्या या," सुहासिनी सांगत होती. टिटवाळा तिचं माहेर. "कमळाबाई म्हणून होती, तिला कुठल्या वारुळावर कधी येणार ते बरोबर कळायचं. पहाटे जायला लागतं. तेव्हा मिटलेल्या असतात, अंगठ्याएवढ्या, आणि डोक्यावर माती घेऊन वर आलेल्या असतात..." ती पुढेही बराच वेळ बोलत होती. मी ऐकत नव्हतो. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. फोटो कडेला धरायचा, छपाईवर बोटं उमटू द्यायची नाहीत, हे मी तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि माझे फोटो ती बरोबर तसे धरायची, चिमटीत, शिळ्या भाकरीसारखे. हा फोटो तिने तळहातावर घेतला होता. अंगठा अळंब्यांच्या अगदी जवळ होता आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. माझं डोकं फिरलं. "अगं, डाग पडतील," मी म्हटलं. तिने बोट काढलं. बोलायचीही थांबली.

आता माझ्या बोटांबद्दल. डेव्हलपरमध्ये मेटॉल म्हणून एक द्रव्य असतं, ते काहींच्या कातडीला चालत नाही. मला आधी चाललं आणि मग चालेनासं झालं. त्या वर्षी चैत्रापासून उजव्या हाताची बोटं फुटली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि छंद सोडायला सांगितलं. मी मलम घेतलं. कचेरीत बोटांना चिंध्या गुंडाळून कसंबसं लिहायचो, पण घरी पेन धरवत नसे. म्हणून अभिप्राय लिहायचं काम सुहासिनीकडे गेलं. तिचं अक्षर वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं. रविवारी दुपारी मोरीच्या झरोक्याला काळा कागद लावून मी आत छपाईला बसायचो, दार बंद, लाल दिवा लावलेला, आणि आतून ओरडून सांगायचो. ती बाहेर पाटावर बसून लिहायची. लिहून झालं की पेटी बंद करून सुतळीने बांधून ठेवायची, आणि सोमवारी मी ती पुढच्या सभासदाकडे नेऊन द्यायचो. फोटो मी आधी बघून ठेवलेले असायचे, अभिप्राय माझ्या डोक्यात तयार असायचा. तिला फक्त उतरवून घ्यायचं.

त्या रविवारी मी चार फोटोंबद्दल नेहमीसारखं सांगितलं. प्रकाश बरा, मांडणी बरी, उजवीकडून जरा कापावा. मग तिने विचारलं, "आणि अळंब्यांचा?"

आता हे मी लिहून ठेवतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. तो फोटो चांगला होता. भर दुपारचा होता, वरून उभ्याने घेतलेला होता, शिकाऊ हाताचा होता. पण त्या वारुळाच्या मातीत जीव होता, आणि ती माती तशीच राहिली तर हा पोरगा दोन-तीन खेपांत कुठल्या कुठे जाईल हे मला दिसत होतं. मी ट्रेमधला कागद हलवत म्हटलं, "लिही. चित्रात कचरा फार आहे. पाला आणि माती झाडून घ्यावी. अळंब्या ओल्या फडक्याने स्वच्छ पुसाव्यात. मागे काळं कापड धरावं, म्हणजे उठून दिसतील."

बाहेर पेनाचा आवाज थांबला.

"लिहिलंस?"

"माती पुसायची?" ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? लिही सांगतो तसं."

"लिहिते," ती म्हणाली. पेनाचा आवाज येत राहिला. जरा जास्त वेळ येत राहिला, असं आता म्हणता येईल. तेव्हा मी अंधारात एकटाच हसत होतो. छातीवरचा दगड उतरला होता. हात दुखत होते, मेटॉलची आग होत होती, पण तीही बरी वाटत होती.

वीस दिवसांनी पेटी आली. मी झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी त्याचाच फोटो शोधला. काळं कापड? नाव नको! सकाळचा प्रकाश होता. अळंब्या मिटलेल्या, ताज्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीची ढेकळं तशीच. कोणी पुसली नव्हती, झाडली नव्हती. मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट. शहाणा! म्हणजे नंबर चारने सांगितलेलं याला केराच्या टोपलीत टाकण्याच्या लायकीचं वाटलं. वाईट सल्ला दिला म्हणून मला काही वाटत नव्हतं. तो त्याने ऐकला नाही याचा मात्र मला भयंकर अपमान वाटला. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, ती जास्त लागली. याला कोणीतरी बरोबर सांगत होतं. पेटीत माझ्या आधी तिघांचा नंबर लागायचा, त्यांचे शेरे मला दिसत, ते सगळे नेहमीचेच: छान प्रयत्न, जरा गडद छापावा. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी होतं. सहाजणांत एक माणूस असा होता ज्याला डोळा होता, आणि तो आपलं सगळं शहाणपण त्या नाडकर्ण्याच्या कागदावर ओतत होता. माझ्या फोटोंच्या मागे काय असायचं? नीटनेटका. चांगला. स्वच्छ. मी माझे जुने कागद काढून बसलो. तो माणूस माझ्या कागदावर कुठे सापडतो का ते पाहिलं. नव्हता. सगळ्यांनी मला नीटनेटका म्हणून सोडून दिलं होतं.

सुहासिनीने त्याचा नवा फोटो घेतला आणि खिडकीशी गेली. मला पाठमोरी. तिची पाठ बघून मला कळलं की ती बघतेय, नुसती नजर टाकत नाहीये. मान थोडी डावीकडे झाली होती. त्या पाठीला मी काय काय विचारलं असेल! तुला फोटो आवडतो की काढणारा? त्याने ट्रे घेतला तेव्हा त्याचा हात लागला होता का? मला माझीच लाज वाटत होती आणि तरी मी मोजत होतो, ती किती वेळ उभी आहे ते. तोंडाने एवढंच विचारलं, "काय आहे त्यात एवढं?"

"काही नाही. बघतेय."

"माझाही आहे पेटीत."

"पाहिला ना मघाशी."

मी दार लावून मोरीत गेलो. त्या खेपेला आतून सांगितलं, "अळंब्यांचा फोटो. लिही. कॅमेरा अजून उंचावर न्यावा. स्टुलावर उभं राहून सरळ खाली बघून घ्यावा, म्हणजे नकाशासारखी मांडणी कळेल." तिने लिहिलं. काही विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला पेटीतून जो फोटो निघाला तो जमिनीवर बसून घेतलेला होता. अळंब्यांच्या डोळ्यांनी बघावं इतका खालून. मी दातओठ खाल्ले. त्या खेपेला सांगितलं की फार मोकळं वाटतं, अजून दहा-बारा अळंब्या दुसरीकडून खुडून आणून लावाव्यात, चित्र भरगच्च करावं. चौथ्या खेपेला फोटोत दोनच अळंब्या होत्या. एक वर आलेली, आणि तिच्या शेजारी जमिनीला पडलेली एक भेग, जिच्याखालून दुसरी येणार होती.

तो फोटो मी पेटीत ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला. मला तो माझा असायला हवा होता. एवढंच वाटलं, दुसरं काही वाटलं नाही.

मधल्या एका रविवारी मी येऊरला गेलो. पावसाने उघडीप दिली होती. वारूळ शोधलं, चिखलात पोटावर आडवा झालो, माती हलू दिली नाही, पाला हलू दिला नाही, सगळं त्याच्यासारखं केलं. पाठीवर डास चावत होते. काचेतून दिसणारी अळंबी चांगली मोठी, पांढरी, आणि मला एकदम असं वाटलं की ही फार साधी गोष्ट आहे, आपण उगीच त्रास करून घेतोय. घरी येऊन छापला. ओला फोटो तसाच दोन बोटांत धरून सुहासिनीसमोर धरला. तिने पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, फोटोकडे नाही. आता नाकाशी नेईल, आता हातात घेईल. मनातल्या मनात मी तिला ओरडून सांगत होतो, घे की हातात! ती म्हणाली, "पाणी गळतंय हो, खाली सतरंजी आहे," आणि पायाने सतरंजी सरकवली. मग म्हणाली, "शर्ट आधी भिजत घाला. चिखल वाळला की निघायचा नाही."

"फोटो कसा आहे?"

"चांगला आलाय की."

मला विचारता आलं असतं. चांगला म्हणजे काय? काय कमी आहे? एवढे सहा शब्द. पण ज्या बाईला मी अंधारातून ओरडून लिहायला लावत होतो तिला हे विचारायचं मला सुचलंही नाही. मी दोरीला फोटो अडकवला आणि शर्ट भिजत घातला.

दिवाळीत आनंदरावांनी यादी फोडली. वर्षातला उत्तम फोटो म्हणून दोन अळंब्या निवडल्या गेल्या, इथल्या एका वाचनालयाच्या भिंतीवर तो लागणार होता. मी बैठकीला गेलो नव्हतो, ताप आहे म्हणून चिठ्ठी पाठवली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गुरुदत्त नाडकर्णी. हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत वही. आत आला आणि सरळ माझ्या पायांना हात लावला.

"अरे, अरे, हे काय!" मी म्हटलं.

"चार नंबर तुम्ही आहात हे मला काल कळलं," तो म्हणाला. "टिपणीससाहेब, रात्रभर झोप नाही. मला वाटायचं कोणीतरी म्हातारा चित्रकार असणार. आणि तुम्ही! एकदा तुमच्याच घरी चहा पिऊन गेलो आणि मला पत्ता नाही."

हा टोमणे मारायला आलाय, माझ्या लक्षात आलं. काळं कापड, स्टूल, दहा-बारा अळंब्या. आता वही उघडेल आणि बायकोसमोर वाचून दाखवेल. सुहासिनी फराळाच्या बशा घेऊन मधल्या दारात आलेली होती. त्याने खरंच वही उघडली. माझे अभिप्राय असलेले कागद त्यात एकेका पानावर खळीने डकवलेले होते.

"हा पहिला," तो म्हणाला आणि वाचायला लागला. "'या फोटोला वास आहे. माती ओली आहे ते कळते. पण अळंब्या दुपारच्या आहेत, थकलेल्या आहेत. सकाळी सातच्या आत जावे. तेव्हा त्या मिटलेल्या असतात व डोक्यावर माती असते. ती पुसू नये. ती त्यांनी स्वतः उचललेली असते.'" त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "आणि दुसरा. 'आता सकाळ दिसते. पण तुम्ही उभे आहात. उभ्याने बघणाऱ्याला अळंबी दिसते, वारूळ दिसत नाही. खुडायला बसतात तसे बसावे.' आणि तिसरा तर मी रोज वाचतो. 'पाचांतल्या तीन नकोत. एक आलेली व एक यायची असलेली, एवढ्या पुरेत. तिची वाट बघता आली पाहिजे.'"

मी वही हातात घेतली. क्रमांक चार. अक्षर सुहासिनीचं, वळणदार, एकही खाडाखोड नाही. मी आतून सांगितलेला एकही शब्द त्यात नव्हता.

काय वाटलं म्हणून सांगू? राग आला असता तर बरं झालं असतं. मी पकडला गेलो नव्हतो, वाचलो होतो, हे आधी कळलं आणि सुटल्यासारखं झालं. आणि लगेच मागोमाग दुसरं आलं. ज्या माणसाचा मी दोन-अडीच महिने हेवा करत होतो, जो नाडकर्ण्याला सगळं सांगत होता आणि मला काही सांगत नव्हता, तो माझ्या घरात होता. माझ्या ताटात वाढत होता. नाडकर्ण्याबद्दलची सगळी जळजळ एका क्षणात विझली. तो बिचारा काय, सांगितलेलं ऐकणारा मुलगा. माझी नजर दारातल्या सुहासिनीवर गेली आणि मला तिचा हेवा वाटायला लागला. तिला हे दिसत होतं. अकरा वर्षं माझे फोटो चिमटीत धरताना तिला दिसत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि त्याच्याकडेही बघत नव्हती, बशीतल्या करंज्या सारख्या करत होती.

"अक्षरही काय सुरेख आहे तुमचं," गुरुदत्त म्हणाला.

"अक्षर हिचं," मी म्हटलं. "माझी बोटं बरी नसतात. मी सांगतो, ही उतरवून घेते."

हे खोटं नव्हतं, बघा. आमच्या घरात सहा महिने हेच चाललं होतं. सुहासिनीच्या हाताखालची बशी थांबली. मी थांबलो असतो तर एवढ्यावरच भागलं असतं.

"पण तुम्हाला हे कळलं कसं?" त्याने विचारलं. "सातच्या आत, डोक्यावरची माती... मी वनस्पतीची पुस्तकं चाळली, कुठे नाही हे."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हे मी नाही, ही. ते वाक्य माझ्या तोंडात होतंही. पण तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता तसं माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं, कचेरीत नाही, मंडळात नाही, घरात नाही. ती नजर उचलून दारात उभ्या असलेल्या बाईवर ठेवायची? माझ्याने झालं नाही.

"लहानपणी आमच्याकडे कमळाबाई म्हणून एक बाई यायची," मी म्हणालो.

माझा आवाज मला फार चांगला वाटला. शांत, जरा घोगरा. मी सांगत गेलो. पहाटे ती दाराशी यायची, सागाच्या पानात अळंब्या गुंडाळून आणायची. तिला प्रत्येक वारूळ ठाऊक होतं. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. ती म्हणायची, बाळा, डोक्यावरची माती पुसू नकोस, एवढं ओझं घेऊन ती वर आलीय. मला कळत होतं की हे चांगलं जमतंय. मला तर ती दिसायलाच लागली, कमळाबाई, दारात. आणि दुसऱ्याच्या आठवणीत आपण किती सहज उभे राहतो याचं मला नवल वाटत होतं. आत जागा होती. तिथेही कोणीतरी कपाळावर हात ठेवत होतं. गुरुदत्तचं पेढ्यांचा पुडा सोडायचं राहूनच गेलं. "धन्य ती बाई," तो हळूच म्हणाला. मी मान हलवली.

तो जायला निघाला तेव्हा सुहासिनीने त्याच्या हातावर करंजी ठेवली. "पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी शोधा हं," म्हणाली. "त्याच त्या वारुळाच्या मागे लागू नका."

"टिपणीससाहेब सांगतील ते," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी खुर्चीतच बसून राहिलो. ती बशा गोळा करायला लागली. मी वाट बघत होतो, ती ओरडेल, रडेल, निदान बशी आपटेल. तसं झालं असतं तर मीही ओरडलो असतो, तू माझ्या नंबरावर स्वतःचं लिहितेस, विचारायची पद्धत नाही? सगळं तयार होतं माझ्याकडे. तिने एकीवर एक बशा ठेवल्या, चुरा एका बशीत झाडून घेतला.

"कमळाबाई आमच्या दारात कधी आली नाही," ती म्हणाली. आवाज साधाच होता, दूधवाल्याचा हिशेब सांगताना असतो तसा. "तिला आमच्या अंगणात पाय ठेवायची बंदी होती. मीच जायचे तिच्याकडे, घरी न सांगता. आणि पान पळसाचं होतं. सागाचं पान चुरगाळलं की हात लाल होतात, घरी आल्यावर लगेच कळलं असतं. आणि ती बाळा कोणाला म्हणायची नाही. फार बोलायचीच नाही ती. पुन्हा कोणाला सांगाल तेव्हा एवढं नीट करा."

अकरा वर्षांत तिने माझं काही इतक्या बारकाईने तपासलं नव्हतं. चूक कुठे, काय काढायचं, काय ठेवायचं, सगळं अचूक. लाजेने माझे कान तापले होते आणि तरी, देवाशपथ, मला तिने थांबू नये असं वाटत होतं. अजून सांगावं. मी खुर्चीतून पुढे वाकलो.

"आणखी?" मी म्हटलं. "आणखी काय होतं तिथे? तिच्या घरात?"

तिने बशा उचलल्या. जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, विचार करत असल्यासारखं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "तेही तुम्ही कोणाला तरी सांगाल."